वीस लाख गोटे

आमच्या पिढीच्या कोल्हापूरकरांना पोलंड हा देश नकाशात सापडायच्या आधी वळिवड्यात सापडलेला असतो. फाळणीनंतर जिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं, तिथे त्यांच्या आधी, १९४३ ते १९४८ या काळात, पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. १९४० साली रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे आपल्याकडे पोचली. त्यांचे बाप, भाऊ, नवरे जनरल अँडर्सच्या फौजेत लढायला गेलेले. छावणी उठली त्यानंतरचा माझा जन्म, त्यामुळे मी काही पाहिलेलं नाही. पण आई सांगायची की ती माणसं बराकीत राहायला आली आणि आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या, पोरांची शाळा आणि देवाची प्रार्थना. "घरदार गेलेलं, पण आधी हे दोन," असं ती म्हणायची. तिचं हे वाक्य पुढे फार वर्षांनी, फार लांब, मला आठवायचं होतं.

२०१८ साली लेकीच्या नोकरीनिमित्ताने क्राकूफला महिनाभर राहण्याचा योग आला. राजवाडा झाला, मिठाची खाण झाली, भला मोठा बाजारचौक तीनदा झाला. मग मी म्हटलं, मला नोव्हा हुता बघायचंय. लेक म्हणाली, "आई, तो कारखान्याचा भाग आहे. तिथे लोक राहतात, बघायला जात नाहीत." (हे काही अगदी खरं नाही, हल्ली तिथेही पर्यटक नेतात.) पण पस्तीस वर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवलेली बाई राजवाड्यांना कंटाळलेली असते, हे तिला कोण सांगणार! गेलो आम्ही ट्रॅमने.

नोव्हा हुता म्हणजे शब्दशः 'नवा पोलाद कारखाना'. १९४९ साली क्राकूफच्या पूर्वेला, मोगिवा, बिएंचित्से वगैरे गावांची काळी कसदार जमीन घेऊन हे शहर आखलं गेलं. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आधी घरं, मग रशियाच्या मदतीने उभारलेला लेनिनच्या नावाचा प्रचंड कारखाना. १९५४ साली तिथली पहिली भट्टी पेटली. एक लाख कामगारांचं आदर्श शहर व्हावं असा बेत होता. आणि खरं सांगायचं तर आखणी उत्तम आहे. मधला चौक, त्यातून पंख्यासारखे पसरलेले रुंद रस्ते, भरपूर झाडं, प्रत्येक वस्तीला दुकानं, बालवाडी, दवाखाना, नाट्यगृह. आपल्याकडच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीने हेवा करावा असं. फक्त त्या नकाशात चर्च नव्हतं. विसरलं नव्हतं, मुद्दाम ठेवलं नव्हतं. नवा माणूस घडवायचा होता आणि नव्या माणसाला देवाची गरज पडणार नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'देव नसलेलं शहर' असं त्याचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं. ते पूर्ण खरं नाही. मोगिव्याला तेराव्या शतकापासून सिस्टर्शियन साधूंचा मठ आहे, तो नव्या शहराच्या अगदी कडेला आला. जवळच लाकडी जुनं चर्चही आहे. म्हणजे ज्याला प्रार्थना करायची त्याला जागाच नव्हती असं नव्हे. पण कारखान्यात आलेले लोक कोण होते? खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरं. लग्न, बारसं, मयत, सण, सगळं चर्चभोवती फिरणारं. आपल्या वस्तीत आपलं चर्च नाही याचा अर्थ त्यांच्या लेखी असा होता, की ही वस्ती आपली नाही, आपण इथे फक्त पाळीला राहतो.

१९५६ साली पोलंडमध्ये थोडं मोकळं वारं सुटलं. गोमुल्का सत्तेवर आले आणि चर्चला परवानगी मिळाली. जागा ठरली, १९५७ च्या मार्चमध्ये त्या जागेवर लाकडी क्रूस उभा केला, नकाशांची स्पर्धाही झाली. रस्त्यांची नावं बघा, एक मार्क्सचा आणि दुसरा मायाकोव्हस्कीचा, आणि त्यांच्या कोपऱ्यावर क्रूस! पण वारं फिरलं. परवानगी मागे घेतली गेली आणि सरकारने जाहीर केलं की या जागेवर शाळा होईल.

शाळा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले होते.

ती साधीसुधी शाळाही नव्हती. पोलिश राज्याला १९६६ साली हजार वर्षं पूर्ण होणार होती, त्यानिमित्ताने हजार शाळा बांधायच्या अशी घोषणा १९५८ साली झालेली होती, आणि त्या बांधल्याही. हजाराहून जास्तच झाल्या. युद्धात धुळीला मिळालेल्या देशात याचं मोल किती असेल! पण त्याच वर्षी पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यालाही हजार वर्षं होत होती. म्हणजे एकच तारीख, आणि चर्च व सरकार दोघांनाही ती स्वतःच्या नावाने साजरी करायची होती.

२७ एप्रिल १९६० ला सकाळी माणसं क्रूस उपटायला आली. आधी आसपासच्या बायका धावल्या. हातात जे होतं ते टाकून आल्या असणार. मग पाळी सुटल्यावर कारखान्यातले कामगार आले. भजनं म्हणता म्हणता दिवस कलला आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यारस्त्यावर लढाई जुंपली. दगड, अश्रुधूर, गोळीबार, शेकडो अटका, मग खटले आणि शिक्षा. गंमत बघा, ज्या कामगारवर्गाच्या नावाने राज्य चाललं होतं त्यालाच पोलीस झोडपत होते. शेवटी चर्च झालं नाही, पण क्रूसही हलला नाही. तो कोपऱ्यावर राहिला आणि शाळा त्याच्या शेजारी झाली.

आता माझी अडचण सांगते. मी शाहू महाराजांच्या गावची. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम ज्यांनी १९१७ साली काढला त्यांच्या. गाडगेबाबा आणि कर्मवीर यांच्या गोष्टी ऐकत, पुढे सांगत म्हातारी झाले. देवळापेक्षा शाळा बरी, हे मी कधी तपासूनसुद्धा पाहिलं नाही. दोन अधिक दोन चार असतात तसं ते होतं. आमच्या कॉलनीत एक मोकळा भूखंड होता, वाचनालय आणि बालवाडीसाठी राखलेला. एका चतुर्थीला तिथे पत्र्याखाली गणपती बसला आणि तो उठलाच नाही. मी सभेत उभी राहून बोलले, दोन अर्ज लिहिले, सह्या गोळा करायला दारोदार गेले. अकरा सह्या मिळाल्या, त्यातली एक आमच्या ह्यांची. आज तिथे संगमरवरी देऊळ आहे आणि प्रत्येक लादीवर देणगीदाराचं नाव. मी वीसेक वर्षं त्याच्या पुढून जाते, आत जात नाही. माझा देवावर राग नाही, पण बालवाडीची जागा होती ती.

तर अशी मी. त्या एप्रिलच्या सकाळी मी तिथे असते तर कुठल्या बाजूला उभी राहिले असते? शाळा बांधायला आलेल्यांच्या की क्रूसाला कवटाळणाऱ्या बायकांच्या? उत्तर सोपं नाही. शाळा तर हवीच होती, पोरं होतीच तेवढी. पण शहर कोऱ्या कागदावर आखलेलं असताना, शाळेला दुसरी जागा मिळाली नसती असं कोण मानेल? लोकांना 'नाही' म्हणायचं होतं आणि ते म्हणायला शाळा पुढे केली. आम्हा मास्तरांच्या संस्थेला असं कुणीतरी काठीसारखं वापरावं याचं मला वाईट वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

असो. चर्च शेवटी झालं ते दुसऱ्या जागी, बिएंचित्से वस्तीत. तिथे एक लहानशी प्रार्थनेची जागा होती, आत मावतील तेवढे आत, बाकीचे उन्हापावसात, बर्फात बाहेर उभे. १९५९ पासून नाताळच्या मध्यरात्रीची प्रार्थना उघड्यावर व्हायची आणि ती सांगायला क्राकूफचे तरुण बिशप यायचे, कारोल वोइतिवा. पुढे सगळं जग त्यांना पोप जॉन पॉल दुसरे म्हणून ओळखू लागलं. डिसेंबरातल्या मध्यरात्री पोलंडमध्ये उघड्यावर उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला इथे बसून येणार नाही. मी मे महिन्यात गेले होते आणि तरी स्वेटर काढला नव्हता.

१९६५ साली युझेफ गोझेलानी नावाचे धर्मगुरू तिथे आले. ते आणि वोइतिवा, दोघांनी सरकारचा पिच्छा सोडला नाही. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेला, वोइतिवांनी स्वतः फावडं मारलं. (परवानगी मिळाल्यावर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, हे शहाणपण १९५७ ने शिकवलेलं असणार.) तोवर ते कार्डिनल झाले होते. १९६९ साली कोनशिला बसवली, तिच्यासाठी रोमच्या सेंट पीटरहून दगड आला होता, पोप सहावे पॉल यांनी पाठवलेला. पण एका दगडाने चर्च होत नाही. सरकारने परवानगी दिली होती, मदत नव्हे. सिमेंट, सळ्या, यंत्रं, सगळ्याचं वाटप सरकारच्या हातात. मग काम लोकांनी केलं. पाळी संपवून कामगार यायचे, सुट्टीच्या दिवशी बायका-मुलं यायची, परदेशांतून विद्यार्थी येऊन राबून जायचे. दहा वर्षं.

आणि गोटे. वास्तुरचनाकार वोइचेख पिएत्शिक यांनी बाहेरच्या भिंती नदीतल्या गोट्यांनी मढवायचं ठरवलं. तसं आवाहन झालं आणि पोलंडभरच्या नद्यांतून गोटे येऊ लागले. कुणी पिशवीतून आणले, कुणी पाठवले. एकूण वीस लाख, असं सांगतात. कारखाना बाजूला रात्रंदिवस पोलाद ओतत होता, आणि त्यात काम करणारी माणसं देवासाठी मात्र नदीकाठी वाकून हाताने दगड वेचत होती.

आम्ही ट्रॅममधून उतरून वळलो आणि समोर ते दिसलं. मी चित्रं पाहिली होती तरी थबकले. सरळ कापलेल्या वड्यांसारख्या इमारतींच्या मधोमध एक गलबत येऊन लागल्यासारखं! नाव तेच आहे, आर्का पाना, म्हणजे प्रभूची नौका. प्रलयात नोहाने सगळ्यांना वाचवलं ती. गोट्यांची फुगीर भिंत म्हणजे लाटा, वर छप्पर म्हणजे होडीचा वाकदार बुडखा, आणि त्यातून वर गेलेली सत्तर मीटर उंचीची पोलादी डोलकाठी, तिचाच क्रूस झालेला. कुठे सरळ रेघ म्हणून नाही. फ्रान्समध्ये राँशाँला ल कॉर्ब्युझिएने (आपल्या चंदिगडवाल्याने) १९५५ साली पुरं केलेलं एक छोटं चर्च आहे, त्यावरून पिएत्शिक यांना सुचलं म्हणतात. असेलही. पण राँशाँ टेकडीवर एकटं उभं आहे, लांबून चालत जावं असं. हे वाळत घातलेल्या कपड्यांच्या गच्च्यांमध्ये उभं आहे. खिडकी उघडली की समोर. मला विचाराल तर हेच जास्त कठीण काम.

मला ते सुंदर वाटलं का? पहिल्या पाच मिनिटांत नाही वाटलं. ओबडधोबड वाटलं, काहीसं कासवासारखं. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मग समोर ख्रिस्ताची मूर्ती दिसली, ब्रोनिस्वाफ ख्रोमी या शिल्पकाराची, माणसापेक्षा कितीतरी मोठी. अंग धनुष्यासारखं पुढे वाकलेलं, क्रूसावरून सुटून झेप घ्यायच्या बेतात असल्यासारखं. यातना आहेत, पण लोंबकळणं नाही. पोलादाच्या भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांचा देव असाच असायला हवा, असं वाटून गेलं. पवित्र भाकरी ठेवायची पेटी ऑस्ट्रियातून भेट आलेली आहे, तिचा आकार ग्रहमालेसारखा, आणि अपोलो ११ ने चंद्रावरून आणलेल्या खनिजाचा तुकडा तिच्यात बसवलाय असं तिथे सांगतात. नदीतले गोटे बाहेर आणि चंद्राचा आत!

पण मला थांबवलं ते एका लहान मूर्तीने. मेरीची मूर्ती, लोक तिला चिलखती माता म्हणतात. इटलीत १९४४ साली माँते कासिनोच्या लढाईत जखमी झालेल्या पोलिश सैनिकांच्या अंगातून डॉक्टरांनी काढलेले बाँबगोळ्यांचे तुकडे जमवले, जवळजवळ दहा किलो, आणि त्यांची ही मूर्ती ओतली. दहा किलो लोखंड, आणि तेही माणसांच्या शरीरांतून निघालेलं. लेक वाचून दाखवत होती आणि माझ्या डोक्यात एकदम जुळलं. माँते कासिनोला लढली ती अँडर्सची फौज. म्हणजे वळिवड्याच्या बराकीत ज्या बायका पत्राची वाट बघत होत्या, त्यांचीच माणसं. त्या लोखंडातला एखादा तुकडा कोल्हापुरात वाट बघणाऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याच्या खांद्यातला असू शकेल. मी लेकीला म्हटलं, "आजी सांगायची ना, आधी हे दोन." तिला काही कळलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसून सांगितलं तेव्हा कळलं.

१५ मे १९७७ ला वोइतिवांनी या चर्चचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी आंद्रे वायदाचा 'मॅन ऑफ मार्बल' पोलंडमध्ये पडद्यावर आला, नोव्हा हुताच्या विटा रचणाऱ्या एका आदर्श कामगाराला आधी डोक्यावर घेऊन मग कसं पुसून टाकलं त्याची गोष्ट. एकाच वर्षात दोन्ही, हा योगायोगच. पण भट्टीतली वाफ कुठूनतरी बाहेर येऊ लागली होती. दीड वर्षात वोइतिवा पोप झाले. १९७९ च्या जूनमध्ये ते मायदेशी आले तेव्हा सरकारने त्यांना नोव्हा हुतात जाऊ दिलं नाही, ज्या चर्चसाठी फावडं मारलं तिथे नाही. ते मोगिव्याच्या जुन्या मठापर्यंत आले आणि क्रूसाबद्दल बोलायचं ते तिथून बोलले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. सॉलिडॅरिटी, डिसेंबर १९८१ चा लष्करी कायदा. त्या काळात दर महिन्याच्या १३ तारखेला प्रार्थना संपली की लोक या नौकेतून बाहेर पडून चौकाकडे चालू लागायचे आणि पोलीस पाण्याचे फवारे घेऊन उभे असायचे. १३ ऑक्टोबर १९८२ ला बोगदान व्वोशिक नावाचा वीस वर्षांचा मुलगा चर्चजवळ गोळी लागून मेला. कारखान्यात काम करून शिकत होता. गोळी घालणारा साध्या वेशातला सुरक्षा अधिकारी होता. जवळच त्याचं स्मारक आहे, तिथे ताजी फुलं होती. विसाव्या वर्षी माझे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचे निकाल सांगायला घरी यायचे.

लेनिनचा पुतळा १९८९ च्या डिसेंबरात गेला. कारखान्यावरून त्याचं नावही गेलं. पुढे तो लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीकडे आला (हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं होतं, का ते विचारू नका). आम्ही जाऊन आलो त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२० साली, तिथली शेवटची झोतभट्टी कायमची बंद झाली. चर्च ज्या धुरात बांधलं तो धूर आता नाही.

निघताना मी भिंतीशी गेले आणि हात लावून बघितला. कुठे करडा, कुठे तांबूस, कुठे जवळजवळ पांढरा, पण सगळे पाण्याने गुळगुळीत केलेले. नाव कुणावरच नाही. मी शोधलं, सवयीने. माझ्याहून थोडी मोठी एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन चालली होती, मला गोट्यांवरून हात फिरवताना बघून थांबली. लेकीला मोडकंतोडकं पोलिश येतं. बाई म्हणाली, मीही आणले होते, भावाबरोबर, गावाकडच्या नदीतून, पिशवी फाटली होती वाटेत. मी लेकीला म्हटलं, विचार तिला, तिचे कुठले? बाई भिंतीकडे बघत राहिली, मग हसली आणि हाताने ती सगळी भिंत दाखवून पुढे निघाली.